दुसऱ्यांदा उघडलेली वही

युजेन दलाक्र्वाच्या रोजनिशीतला हा वेचा १९ जानेवारी १८४७ या तारखेने सुरू होतो. रोजनिशी खरं तर त्याच्या पुष्कळ आधीची. तिची पहिली नोंद ३ सप्टेंबर १८२२ची. तेव्हा दलाक्र्वा चोवीस वर्षांचा होता. दोन वर्षं त्याने कधी नेटाने, कधी खंड पाडत लिहिलं, १८२४च्या ऑक्टोबरात लिहिणं थांबलं, आणि मग बावीस वर्षं वही मिटलेली राहिली. दुसऱ्यांदा उघडली ती मात्र १८६३च्या जूनपर्यंत, म्हणजे मरणाआधी जेमतेम दोन महिन्यांपर्यंत, त्याने सोडली नाही. तारखांच्या क्रमाने जायचं तर पुस्तक १८२२पासून लावायला हवं होतं. मी तो क्रम मोडला आहे. तरुणपणाच्या नोंदी पुस्तकाच्या शेवटी गेल्या आहेत आणि वाचकाची पहिली गाठ पडते ती अठ्ठेचाळीस वर्षांच्या, नाव झालेल्या, प्रकृतीने पोखरत चाललेल्या चित्रकाराशी. असं का केलं ते सांगण्यातच या रोजनिशीबद्दल मला जे म्हणायचं आहे ते बहुतेक सगळं येतं.

दलाक्र्वाचं नाव ज्यांना ठाऊक नाही त्यांनीही त्याचं एक चित्र पाहिलेलं असतं. पॅरिसमधल्या १८३०च्या जुलै क्रांतीवरचं: खाली पडलेली प्रेतं, धूर, फ्रान्सचा तिरंगा उंचावून पुढे सरसावलेली स्त्री आणि तिच्या शेजारी दोन्ही हातांत पिस्तुलं घेतलेला पोरगा. पण या एका चित्रावर त्याला ओळखणं पुरेसं नाही. १७९८मध्ये पॅरिसजवळ शारांतोनला जन्म. १८२२च्या सालाँ प्रदर्शनात ‘दान्तेची नौका’. १८२४मध्ये ‘किऑसचा संहार’. १८२७मध्ये ‘सार्दानापालचा मृत्यू’, ज्यावर टीकाकार तुटून पडले. १८३२मध्ये काउंट द मोर्नेच्या राजनैतिक शिष्टमंडळाबरोबर मोरोक्कोचा प्रवास, त्यातून १८३४चं ‘अल्जीअर्सच्या स्त्रिया’. त्यानंतर सरकारी इमारतींच्या भिंती आणि छतं: पाले बूर्बाँमधला राजकक्ष, तिथलंच ग्रंथालय, लक्झेम्बर्ग राजवाड्याचं ग्रंथालय.

आता या तारखा रोजनिशीच्या तारखांवर ठेवून पाहा. ‘सार्दानापाल’, जुलै क्रांतीचं चित्र, ‘अल्जीअर्सच्या स्त्रिया’, दोन ग्रंथालयांच्या छतांचं बहुतेक काम, हे सगळं त्या मिटलेल्या बावीस वर्षांत झालं. जगाने ज्या कामासाठी त्याला लक्षात ठेवलं त्यातलं बरंचसं काम होत असताना रोजनिशीत एक ओळ नाही. ज्यांना ‘सार्दानापाल’ कसं घडलं हे चित्रकाराच्या तोंडून ऐकायचं असेल त्यांच्या हाती इथे काही लागणार नाही. हे नुकसान मोठं आहे, आणि मी ते लहान करून सांगणार नाही. तरीही मला वाटतं, की ती बावीस वर्षं मध्ये नसती तर १८४७नंतरची रोजनिशी इतकी मोलाची झाली नसती.

पहिल्या वह्यांपासून सुरुवात करू. पहिली नोंद तूरेनमधल्या लूरू या गावी, थोरल्या भावाच्या घरी लिहिलेली आहे. आईला जाऊन त्या दिवशी आठ वर्षं झाली होती. तरुण दलाक्र्वा स्वतःलाच बजावतो की हे लिखाण फक्त आपल्यासाठी आहे, तेव्हा खरंच लिहायचं. पुढची दोन वर्षं या वहीत प्रामुख्याने एक तरुण माणूस स्वतःशी भांडतो. पैसे पुरत नाहीत, मॉडेलला इतके फ्रँक दिले, आज आळसात दिवस गेला, उद्यापासून पहाटे उठायचं, मित्र भेटला, मुलगी भेटली, आपल्यात ठामपणा नाही. थेओदोर जेरिको अंथरुणाला खिळलेला असताना त्याला भेटून आल्यानंतरची नोंद वाचताना आजही पोटात कालवतं. ‘मेदुसाचा तराफा’साठी दलाक्र्वा स्वतः त्याच्यासमोर मॉडेल म्हणून बसला होता, आणि १८२४च्या जानेवारीत जेरिको गेला. चित्रांबद्दलही आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये कॉन्स्टेबलची चित्रं पाहिल्याची नोंद आहे. ती पाहिल्यावर प्रदर्शन तोंडावर आलं असताना दलाक्र्वाने ‘किऑस’च्या चित्रावर पुन्हा हात फिरवला असं सांगितलं जातं. या वह्यांना तारुण्याचा दर्प आहे, आणि त्या मला आवडतात. पण त्यांचा विषय दलाक्र्वा आहे. चित्र त्यात अधूनमधून येतं, आलं तरी आपण केवढे होणार या प्रश्नाच्या आडोशाने येतं.

मग वही का मिटली? तर्क पुष्कळ झाले. काम वाढलं, नाव झालं, लोकांत मिसळणं वाढलं, वेळ उरला नाही. सुखी माणूस रोजनिशी लिहीत नाही असंही कोणी म्हणतं. ते मला पटत नाही, कारण त्या काळातली त्याची पत्रं सुखी माणसाची नाहीत. दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्यायला हव्यात. एक, तो लिहायचा थांबला नव्हता. १८२९ आणि १८३०मध्ये त्याने कलासमीक्षेवर, राफाएलवर, मायकेलअँजेलोवर लेख लिहिले, आणि ते ‘रव्यू द पारी’त छापून आले. दुसरी, मोरोक्कोत त्याच्या खिशात वह्या होत्या. त्यांत एकाच पानावर रेखाटन आणि अक्षर एकमेकांत घुसलेलं दिसतं: भिंतीचा पांढरा, दाराची निळी चौकट, एखाद्याच्या झग्याचा रंग, सावली कुठे पडली आहे. घोड्यावर बसून, चालता चालता टिपलेलं. त्या वह्यांत ‘मी’ जवळजवळ नाही. सगळं लक्ष डोळ्यांसमोर जे आहे त्यावर. पुढच्या रोजनिशीची सवय लेखणीला इथे लागली असं मला वाटतं. तिचा सूर मात्र यायला अजून पंधरा वर्षं होती.

१९ जानेवारी १८४७, मंगळवार. सकाळी साडेदहाला दलाक्र्वा वास्तुकार जिझोरकडे जातो. लक्झेम्बर्गमधल्या जिन्याच्या सजावटीबद्दल बोलायचं आहे. नंतर जार्दां दे प्लांतमधल्या निसर्गेतिहास संग्रहालयात, भुसा भरलेल्या प्राण्यांच्या दालनात. हत्ती, गेंडा, पाणघोडा. पाणघोडा पाहून त्याला रुबेन्स आठवतो, त्याने हा प्राणी किती अचूक पकडला होता ते. आणि त्या दालनात शिरताच आपल्याला एवढा आनंद कशाने झाला, याचा तो शोध घेऊ लागतो. रोजच्या विचारांच्या, आपल्या नेहमीच्या गल्लीच्या बाहेर पडल्यामुळे झाला असावा, अधूनमधून स्वतःला असं हलवून घ्यायला हवं, असं त्याचं उत्तर. बावीस वर्षांनी वही हातात घेतली याचा मोठा सोहळा नाही, स्वतःला बजावणं नाही; घरी परतताना ही डायरी विकत घेतल्याचा आनंद आणि असंच टिपत राहता यावं एवढी इच्छा तेवढी आहे. काम, मग बाहेरचं काहीतरी, मग त्या बाहेरच्याचा कामाशी लागणारा धागा. पुढची सोळा वर्षं बहुतेक नोंदी याच वाटेने जातात.

ही तारीख त्याच्या आयुष्यात कुठे येते तेही पाहण्यासारखं आहे. लक्झेम्बर्गच्या ग्रंथालयाचं काम नुकतंच पुरं झालं होतं आणि १८३८पासून चाललेलं पाले बूर्बाँच्या ग्रंथालयाचं काम त्याच वर्षी संपणार होतं. भित्तिचित्राचं काम एकट्याचं नसतं. मदतनीस असतात, शिड्या आणि पहाड असतात, उंचावर रंगवलेलं खालून कसं दिसेल याचा अंदाज असतो, आणि मुख्य म्हणजे काम वर्षानुवर्षं चालतं. मंगळवारी सावलीच्या कडेला लावलेली छटा पुढच्या हिवाळ्यात पुन्हा हवी असते. हाताला ती आठवत नाही, डोळ्याला आठवते पण मिश्रण आठवत नाही. अशा कामाने माणसाला नोंदी करायला शिकवलं असणार. १८४७नंतरच्या रोजनिशीत पानंच्या पानं रंगमिश्रणांची आहेत: कासल माती आणि पांढरा, नेपल्स पिवळा आणि व्हर्मिलियन, कोबाल्टात थोडा लाखी लाल, हिरवा मिसळून मारलेला जांभळा. हे अमुक चित्रातल्या अमुक आकृतीच्या पायावर, अर्धछटेत. कोणत्याही वेच्यात सर्वांत आधी कात्री लागते ती याच पानांवर. मी त्यातली बरीच ठेवली आहेत. चित्रकार नसलेल्या वाचकाला ती कोरडी वाटतील हे मला माहीत आहे, पण ती काढून टाकली तर उरेल तो कलेवर सुंदर विचार करणारा एक सज्जन गृहस्थ. दलाक्र्वाचे विचार या मातीतून आणि लाखेतून वर आलेले आहेत. त्यांना तिथून उपटून दाखवणं मला अप्रामाणिक वाटलं.

रोजनिशीसाठी तो आता छापील तारखांच्या डायऱ्या वापरू लागला, पण त्या तारखांचा गुलाम झाला नाही. मिशेल हानूश यांनी २००९मध्ये फ्रेंचमध्ये सिद्ध केलेली दोन खंडांची आवृत्ती चाळताना हे पानोपानी दिसतं. तो मागच्या पानावर जातो, जुन्या नोंदीत भर घालतो, एका वर्षाचा विचार दुसऱ्या वर्षाच्या रिकाम्या पानावर उतरवून ठेवतो, अमुक तारखेला काय लिहिलं ते पाहावं असा स्वतःलाच निरोप ठेवतो. तरुणपणी त्याची तक्रार होती की आपली स्मरणशक्ती वाईट आहे आणि न टिपलेले दिवस जणू जगलेच गेले नाहीत. म्हणजे तेव्हा वही दिवस साठवायला होती. आता ती परत परत उघडून वापरायची गोष्ट झाली.

सगळ्या रोजनिशीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती १७ ऑक्टोबर १८५३ची नोंद. मोरोक्कोहून परतून एकवीस वर्षं झाली होती. दलाक्र्वा मागे वळून पाहतो आणि म्हणतो की त्या प्रवासाच्या आधारे आपल्या हातून बरं काही व्हायला लागलं ते बारीकसारीक तपशील विसरल्यानंतर, फक्त ठसठशीत आणि काव्यमय तेवढं मनात उरल्यानंतर. त्याआधी नेमकेपणाची हाव पाठ सोडत नव्हती, आणि बहुतेक लोक त्या नेमकेपणालाच सत्य समजतात. हा माणूस मोरोक्कोत झग्याची शिवणसुद्धा टिपून घेत होता हे लक्षात ठेवून ही नोंद वाचावी. टिपणं वाया गेली असं तो म्हणत नाही. टिपणं वहीत होती म्हणूनच मनाला विसरण्याची मोकळीक मिळाली. मोरोक्कोची चित्रं तो आयुष्याच्या शेवटापर्यंत करत राहिला, आणि शेवटची चित्रं पहिल्यांहून मोकळी आहेत.

हाच नियम मी त्याच्या लिहिण्यालाही लावून पाहतो. चित्र कसं होतं हे चित्र होत असताना सांगता येत नाही. ‘सार्दानापाल’च्या दिवसांत त्याने वही लिहिली असती तर तिच्यात उमेद, संताप, कर्ज आणि टीकाकार भरपूर सापडले असते. चित्राबद्दल जे कळलं ते बोलण्यासारखं व्हायला, त्यातलं तात्पुरतं गळून पडायला, वेळ जावा लागला. १८४७नंतर जुन्या कामांकडे तो पुन्हा जातो तेव्हा त्याचं बोलणं शांत आणि धारदार आहे, कारण आता त्यात स्वतःची वकिली नाही. बावीस वर्षांच्या गप्प राहण्याला मी म्हणूनच रोजनिशीतला तुटलेला भाग मानत नाही. ते तिचं बियाणं मातीत पडून असण्याचं दिवसमान आहे.

परतून आलेल्या या लेखणीने काय काय पकडलं त्याचे दोन-चार नमुने इथे सांगतो, म्हणजे वाचकाला कुठे थबकायचं ते कळेल.

एका नोंदीत तो खिडकीतून उघड्या अंगाने काम करणारा कामगार पाहतो. त्याच्या खांद्याचा रंग मागच्या भिंतीच्या रंगाशी ताडून पाहतो आणि निर्जीव वस्तूंच्या मानाने माणसाच्या त्वचेत अर्धछटा किती रंगीत असतात हे त्याच्या ध्यानात येतं. त्यावरून त्याला आदल्या दिवशीचं आठवतं: सँ-सुल्पीस चौकात, उन्हात, कारंज्यावरच्या पुतळ्यांवर चढणारा एक पोरगा. उजेड पडलेल्या भागात मंद नारिंगी, उजेड सावलीत उतरतो तिथे लखलखीत जांभळा, आणि जमिनीकडे वळलेल्या सावलीत सोनेरी प्रतिबिंबित उजेड. सावली म्हणजे काळा मिसळलेला रंग अशी ज्यांची शाळेत समजूत झाली त्यांनी ही नोंद वाचून उन्हात उभ्या असलेल्या कोणाकडेही नीट पाहावं. १८९३ ते १८९५ या काळात रोजनिशी पहिल्यांदा तीन खंडांत छापली गेली, आणि १८९९मध्ये पॉल सिन्याकने नवप्रभाववादाची वंशावळ सांगणारं पुस्तक लिहिलं त्यात मूळपुरुष म्हणून दलाक्र्वालाच बसवलं. वेगवेगळ्या रंगांचे ठिपके शेजारी ठेवून प्रकाश उभा करणाऱ्या त्या तरुणांना, चाळीस वर्षांपूर्वीच्या एका आजारी माणसाने कारंज्यावरच्या पोराकडे पाहून जवळपास तेच लिहून ठेवलेलं सापडलं.

दुसरा विषय फोटोग्राफीचा. तिला दलाक्र्वाने नाकं मुरडली नाहीत. १८५१मध्ये पॅरिसला फोटोग्राफीसाठी पहिली संस्था निघाली तेव्हा तो तिच्या संस्थापक सभासदांत होता, आणि १८५४मध्ये युजेन द्युरियने काढलेल्या नग्न मॉडेलांच्या छायाचित्रांवरून त्याने मन लावून रेखाटनं केली. १८५३च्या मे महिन्यात जेवायला आलेल्या मंडळींवर त्याने एक प्रयोग केला. आधी त्यांना नग्न मॉडेलांची छायाचित्रं दाखवली. त्यातली काही शरीरं बेढब होती. मग लगेच मार्कांतोनिओ राइमोंदीची, जगाने आदर्श मानलेली कोरीव चित्रं पुढे ठेवली. सगळ्यांना, त्यालाही, त्या कोरीव चित्रांतल्या चुका आणि कृत्रिमपणा एकदम खुपला. ही नोंद वाचून तो छायाचित्राच्या बाजूला गेला असं वाटतं. पण १८५९मध्ये तोच लिहितो की छायाचित्राचा अचूकपणा डोळ्याला विसावा देत नाही. ज्या छायाचित्रांत यंत्राच्या अपुरेपणामुळे काही जागा सुटलेल्या असतात तीच जास्त भावतात. या दोन नोंदींत मला विरोध दिसत नाही. पहिल्या वेळी त्याने परंपरेचा हट्ट तपासला, दुसऱ्या वेळी यंत्राचा. सोळा वर्षं सलग लिहिणाऱ्यालाच असं स्वतःच्या मताभोवती फिरून येता येतं.

तिसरा विषय कच्च्या खर्ड्याचा. खर्ड्यात जो जोर असतो तो पुऱ्या केलेल्या चित्रात का उरत नाही, हा प्रश्न त्याला आयुष्यभर छळत होता. अर्धवट बांधलेली इमारत पुरी झालेल्या इमारतीपेक्षा भव्य वाटते, कारण उरलेलं पाहणारा आपल्या मनाने बांधतो, असं निरीक्षण त्याने केलं आहे. पण तो खर्ड्याशी थांबला नाही, आणि मला त्याचा मोठेपणा इथे दिसतो. चित्र पुरं करायचं म्हणजे काहीतरी गमवायचं हे कबूल करून काय गमवायचं ते ठरवणं, त्यागाची कला, हा शब्द त्याच्याकडे पुन्हापुन्हा येतो. सगळंच सारख्या ताकदीने रंगवणाऱ्यावर त्याचा राग आहे. १८५५मध्ये कुर्बेने स्वतंत्र मंडपात आपली चित्रं मांडली तेव्हा दलाक्र्वा तिथे जाऊन जवळजवळ तासभर एकटा उभा राहिला. कुर्बेची वाट त्याची नव्हती, त्याच्या चित्रांतलं न पटलेलं त्याने आधी लिहूनही ठेवलं होतं. तरी अधिकृत प्रदर्शनाने नाकारलेल्या चित्रात मोठं काम आहे हे त्याने त्याच दिवशी वहीत नोंदवलं. बाहेर कोणाला सांगायचं नव्हतं, कोणाला खूश करायचं नव्हतं.

आणि संगीतकार शोपँ. ७ एप्रिल १८४९ला दोघं बग्गीतून फिरायला गेले. शोपँला क्षयाने पुरतं ग्रासलं होतं. त्याच ऑक्टोबरात तो गेला आणि त्याच्या अंत्ययात्रेत शवपेटीचं वस्त्र धरणाऱ्यांत दलाक्र्वा होता. त्या फेरफटक्यात दलाक्र्वाने त्याला विचारलं की संगीतात तर्क कशाने येतो. शोपँने काउंटरपॉइंट आणि फ्यूगबद्दल सांगितलं: फ्यूग म्हणजे संगीतातला शुद्ध तर्कच, प्रत्येक आवाजाची वाट सांभाळली की मेळ आपोआप होतो, नुसते सुरांचे गठ्ठे एकावर एक रचून होत नाही. मोझार्टकडे ही वाट कधी सुटत नाही, असं शोपँचं मत. दलाक्र्वाने हे घरी येऊन लिहून काढलं आणि लगेच आपल्या कलेकडे वळवलं. एका मरणासन्न कलावंताने दुसऱ्याला आपल्या कलेचं व्याकरण सांगावं आणि दुसऱ्याने ते त्याच रात्री टिपून ठेवावं! ही नोंद रोजनिशीत आहे म्हणून आपल्याला त्या बग्गीत बसता येतं.

१८५७च्या जानेवारीत, सात वेळा नाकारल्यानंतर, ललितकला अकादमीने त्याला सभासद करून घेतलं. तो तेव्हा आजारी पडून घरातच होता. काही दिवसांतच त्याने ललितकलांचा एक कोश लिहायला घेतला. स्वतंत्र वहीत नाही, याच डायरीत. छाया, रेषा, अर्धछटा, मॉडेल, कुंचल्याचा फटका, रुबेन्स, कल्पनाशक्ती: एकेक शब्द घ्यायचा आणि त्यावर आपल्याला काय ठाऊक आहे ते लिहायचं. कोशच का, याचंही त्याने कारण दिलं आहे. ग्रंथ लिहायचा तर जोडकाम करावं लागतं, जिथे सांगण्यासारखं काही नाही तिथेही ओळी भराव्या लागतात; कोश वाचकाला हवा तिथे उघडता येतो, हवा तिथे मिटता येतो. हा कोश कधी पुरा झाला नाही. मला वाटतं, पुरा होण्याची त्याला गरजही नव्हती. रोजनिशीच त्याचा कोश होती, फक्त ती अकारविल्हे लावलेली नव्हती. या पुस्तकात १८५७च्या नोंदी एकत्र दिल्या आहेत. ज्यांना सलग वाचायचा कंटाळा येईल त्यांनी तिथून सुरुवात केली तरी चालेल.

इथे मराठी वाचकाला प्रभाकर बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ आठवणं साहजिक आहे. बरवे वह्या ठेवत. त्या वह्यांत वस्तू, अवकाश, रंग यांच्याबद्दलचं त्यांचं चिंतन आणि रेखाटनं शेजारी शेजारी असत, आणि त्याच वृत्तीतून १९९०मध्ये ते पुस्तक आलं. दलाक्र्वा आणि बरवे यांची चित्रं एकमेकांपासून फार दूरची. एकाकडे घोडे, रक्त, सिंह. दुसऱ्याकडे पान, घड्याळ, शिंपला आणि त्यांच्यामधली रिकामी जागा. पण काम करणाऱ्या हाताने कामाबद्दल स्वतः लिहावं, ते दुसऱ्याच्या समीक्षेवर सोडू नये, ही ओढ एकच. ‘कोरा कॅनव्हास’ ज्यांनी प्रेमाने वाचलं त्यांच्यासाठी ही रोजनिशी परकी ठरणार नाही, असा माझा विश्वास आहे. मराठीत अशी पुस्तकं थोडी आहेत आणि ती आणखी हवीत. हे भाषांतर करताना ती इच्छा सतत जवळ होती.

वह्यांचं पुढे काय झालं ते थोडक्यात. १८४८ची डायरी दलाक्र्वाच्या हयातीतच हरवली. फ्रान्समध्ये पुन्हा क्रांती झाली ते हे वर्ष, त्यामुळे ही जागा रिकामी राहिली याची हळहळ इतिहासकारांनाही आहे. बाकीच्या वह्या वाचल्या त्या जेनी ल गियूमुळे. सुमारे तीस वर्षं ती त्याच्या घरी कारभारीण होती. त्याच्या मरणाच्या वेळी तीच उशाशी होती. तिने वह्या जपल्या, दलाक्र्वाचा चित्रकार मित्र काँस्तां द्युतियोच्या हाती दिल्या, आणि त्यांच्या प्रती निघाल्या. १९३२मध्ये आंद्रे जुबँने तीन खंडांत नवी आवृत्ती काढली. इंग्रजीत १९३७मध्ये वॉल्टर पाक आणि १९५१मध्ये लूसी नॉर्टन यांची भाषांतरं आली. मी मुख्यतः हानूश यांचा फ्रेंच पाठ धरला आहे. रोजनिशीची एकूण व्याप्ती पाहता हा वेचा लहान आहे: जेवणावळी, भेटीगाठी, डॉक्टरांची येजा, दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उतरवून घेतलेले लांब उतारे बहुतेक गाळले आहेत. शांप्रोझे गावातल्या त्याच्या घराभोवतालच्या सेनारच्या जंगलातले फेरफटके मात्र ठेवले, कारण तिथल्या ओकांना पुढे एका भिंतीवर जागा मिळाली.

ती भिंत सँ-सुल्पीस चर्चमधली. १८४९मध्ये तिथल्या देवदूतांच्या चॅपेलचं काम त्याला मिळालं आणि १८६१च्या जुलैत ते लोकांसाठी खुलं झालं. बारा वर्षं. १८५७च्या डिसेंबरअखेर त्याने बिऱ्हाडही त्या चर्चजवळ, फ्युरस्टेंबर्ग गल्लीत, हलवलं. आज तिथे त्याचं संग्रहालय आहे. तेल आणि मेण मिसळून सरळ भिंतीवर काम; बरोबर पिएर आंद्रिय हा मदतनीस; घशाचं दुखणं, ताप, मध्येच महिनोन्‌महिने खंड. १ जानेवारी १८६१च्या नोंदीत तो लिहितो की हे चित्र त्याला पहाटे उठवून ओढून नेतं, दुरून सोपं वाटलेलं जवळ गेल्यावर अवघड होऊन बसतं, आणि तरीही या रोजच्या झुंजीने तो खचत नाही, उभा राहतो. तरुणपणीच्या वह्यांतलं ‘उद्यापासून पहाटे उठायचं’ शेवटी दिलं आहे ते वाचताना ही नोंद सोबत ठेवावी.

पॅरिसला जाण्याची संधी ज्यांना मिळेल त्यांनी लूव्हरची रांग लावण्याआधी सँ-सुल्पीसमध्ये जावं. तिकीट लागत नाही. आत शिरल्यावर उजव्या हाताचं पहिलंच चॅपेल. चित्रं २०१६मध्ये स्वच्छ करून घेतली आहेत, त्यामुळे रंग आता मोकळे दिसतात. शक्यतो दिवसाच्या चांगल्या उजेडात जावं. एका भिंतीवर हेलिओदोरस, छतावर संत मायकेल, आणि दुसऱ्या भिंतीवर प्रचंड झाडांखाली देवदूताशी झोंबणारा याकोब. या चित्रात खाली कोपऱ्याकडे याकोबने उतरवून टाकलेले कपडे, गवती टोपी आणि भाता पडले आहेत. त्या ढिगाजवळ जेवढं जाता येईल तेवढं जावं. जांभळ्याशेजारी पिवळा, निळ्याशेजारी नारिंगी, तुटक फटके एकमेकांत न मिसळता ठेवलेले दिसतील. मग १८५४ ते १८६१च्या नोंदींमधली मिश्रणांची पानं काढून ताडून पाहावीत. ती पानं मी गाळली नाहीत ती याचसाठी.